युरेनियमची लगड : अणुइतिहासातील विसरलेली मधली कडी

१/
भारताच्या अणुइतिहासातील महत्त्वाच्या तारखा कोणत्या, असे विचारले तर बहुतेकांच्या ओठांवर तीनच येतात. ४ ऑगस्ट १९५६, ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली तो दिवस. १८ मे १९७४, पोखरण. ११ मे १९९८, पुन्हा पोखरण. चौथी तारीख सहसा कोणी सांगत नाही. ती आहे ३० जानेवारी १९५९. त्या दिवशी मुंबईजवळच्या तुर्भ्याला, म्हणजेच ट्रॉम्बेला, युरेनियमचा शुद्ध धातू तयार झाला. माझे मत असे की, ही तारीख ठाऊक नसेल तर नंतरच्या दोन्ही तारखांचा अर्थ नीट लागत नाही. आजचा धागा तिच्याविषयी. 🧵

२/
आधी थोडे स्वतःविषयी, कारण पुढची उदाहरणे तिथूनच येणार आहेत. माझे गाव मुरुड. जंजिऱ्याचे नव्हे, लातूर-बार्शी रस्त्यावरचे, मराठवाड्यातले. आमच्या भागात तूर पिकते, ऊस पिकतो; खाली सगळा काळा बेसाल्ट. या खडकात युरेनियम जवळजवळ नसतेच. तेव्हा अणुऊर्जेशी मुरुडचा काय संबंध, हा प्रश्न रास्त आहे. संबंध खनिजाचा नाही, तो एका जुन्या अनुभवाचा आहे : कच्चा माल आपण पिकवायचा आणि त्याचे मोल दुसऱ्याने ठरवायचे. हा अनुभव कापूस, तूर आणि ऊस पिकवणाऱ्या कोणत्याही गावाला नवा नाही.

३/
इतिहास सांगताना आपण दोन टोकांवर रेंगाळतो. एका टोकाला खाण, शोध, निसर्गाची देणगी. दुसऱ्या टोकाला स्फोट, वीजकेंद्र, उद्घाटनाची फीत. मधला कारखाना मात्र सांगायचा राहून जातो. वास्तविक सत्ता त्या मधल्या कडीत असते. खनिज विकत घेता येते, अणुभट्टीचा आराखडाही कोणी मित्रदेश देतो. परंतु खनिजाचे इंधन करण्याचे कसब ज्याच्या हाती, तोच अटी घालतो. या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे. त्याला पुढे एक पुरवणीही जोडणार आहे, कारण ज्याच्या हाती कसब आले त्याच्यावर जबाबदारीही आली.

४/
मधली कडी हातात नसली की काय होते? वऱ्हाडचा कापूस लँकेशायरला गेला आणि कापड होऊन परत आला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. त्याच जातीची दुसरी गोष्ट फारशी सांगितली जात नाही. १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे खनिज सापडले. मोनाझाइटमध्ये थोरियम असते आणि गॅसबत्तीच्या मॅन्टलला थोरियमच लागे. मग वाळू जहाजाने युरोपात जाऊ लागली. वाळू आपली, प्रक्रिया त्यांची, उजेड विकत घेणारे पुन्हा आपण.

५/
थोरियमचे अणुमहत्त्व लक्षात येताच १९४६ मध्ये मोनाझाइटच्या निर्यातीवर बंदी आली. १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ च्या डिसेंबरमध्ये केरळातील आलुवा येथे मोनाझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना देशाला अर्पण झाला. ऑगस्ट १९५५ मध्ये तुर्भ्याचा थोरियम कारखाना सुरू झाला. मोनाझाइटमध्ये थोरियमसोबत थोडे, शेकडा एक भागाहूनही कमी, युरेनियम असते. तेही बाजूला काढता येत होते. अप्सरा सुरू होण्याआधीच वाळू देशात राहू लागली होती, ही बाब लक्षात ठेवा.

६/
काळाचा संदर्भही पाहू. अणुऊर्जा आयोग स्थापन झाला १० ऑगस्ट १९४८ रोजी. त्या दिवशी आमचे मुरुड स्वतंत्र भारतात नव्हतेच! ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. आमच्याकडे स्वातंत्र्य पोहोचले १७ सप्टेंबरला. म्हणजे मराठवाडा मुक्त होण्याआधी सव्वा महिना भारताचा अणुआयोग अस्तित्वात आला होता. खेड्यात गॅसबत्ती हाच मोठा उजेड असताना दिल्ली-मुंबईत अणूचा विचार चालू होता. हे अंतर अभिमानाचे मानायचे की विषमतेचे, याचे उत्तर मी घाईने देणार नाही.

७/
आता मूळ प्रश्न : युरेनियम ‘शुद्ध करणे’ म्हणजे नेमके काय?

खाणीतून निघतो तो दगड. झारखंडातील जादूगोड्याच्या खनिजात टनामागे युरेनियम सुमारे अर्धा किलो. दगड दळून, आम्लात मुरवून, गाळून जो पिवळा साका उरतो त्याला ‘यलो केक’ म्हणतात. हे झाले संपृक्त खनिज. बाजारात विकले जाते ते बहुधा याच रूपात. त्यात युरेनियम भरपूर असते, पण सोबत लोह, सिलिका, दुर्मिळ मृदा धातू असे सगळे गणगोतही असते. या पिवळ्या भुकटीने अणुभट्टी पेटत नाही.

८/
का पेटत नाही? युरेनियमचा अणू फुटला की सरासरी अडीच न्यूट्रॉन बाहेर पडतात. त्यांतला निदान एक पुढचा अणू फोडायला शिल्लक राहिला तरच साखळी चालू राहते. नैसर्गिक युरेनियमात सहज फुटणारा प्रकार, युरेनियम-२३५, शेकडा अवघा ०.७ असतो. म्हणजे न्यूट्रॉनांची शिल्लक आधीच काटकसरीची. त्यात बोरॉन, कॅडमियम, गॅडोलिनियम यांसारखे न्यूट्रॉन गिळणारे पाहुणे पंगतीला बसले तर यजमान उपाशी राहतो. म्हणून अणुशुद्ध युरेनियमात बोरॉन दहा लाख भागांत एका भागापेक्षाही कमी असावा लागतो.

९/
दहा लाखांत एक म्हणजे किती? लातूरच्या आडतीवर या. तुरीचा एक दाणा साधारण दशांश ग्रॅमचा. एका क्विंटलमध्ये असे जवळजवळ दहा लाख दाणे मावतात. त्या पोत्यांमध्ये दाण्याएवढा एकच खडा चालेल, दुसरा चालणार नाही, अशी अट घातली तर? शुद्धतेची कसोटी ही अशी आहे. सराफाच्या ९९९ शिक्क्याच्या सोन्यात हजारात एक भाग परका खपून जातो. अणुइंधनात तेवढा बोरॉन असेल तर भट्टी जन्मालाच येणार नाही.

१०/
पहिली पायरी : विरघळवणे आणि वेगळे करणे.
पिवळा साका नायट्रिक आम्लात विरघळवतात, की युरेनिल नायट्रेटचे द्रावण होते. मग ट्रायब्युटाइल फॉस्फेट नावाचा द्रव रॉकेलसारख्या तेलात मिसळून ते द्रावण त्याच्याशी घुसळतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. युरेनियमला मात्र तेलाची बाजू अधिक आवडते, बहुतेक अशुद्धी पाण्यातच राहतात. तेलाचा थर वेगळा काढून साध्या पाण्याने धुतला की युरेनियम पुन्हा पाण्यात उतरते, या वेळी जवळजवळ एकटे.

ट्रायब्युटाइल फॉस्फेट हे नाव ध्यानात ठेवा. ते पुन्हा येणार आहे.

११/
दुसरी पायरी : रूपांतर.
शुद्ध द्रावणात अमोनिया सोडला की पिवळा अवक्षेप तळाशी बसतो. तो भाजला की नारिंगी ऑक्साइड मिळते, हायड्रोजनच्या झोतात तापवले की तपकिरी ऑक्साइड. त्यावर हायड्रोजन फ्लोराइड हा अत्यंत दाहक वायू सोडला की हिरव्या रंगाचा क्षार तयार होतो, युरेनियम टेट्राफ्लोराइड. पिवळा, नारिंगी, तपकिरी, हिरवा : या कारखान्यात पदार्थाची अवस्था रंगावरूनच ओळखू येते. हा वायू काच खातो, कातडीतून हाडापर्यंत पोहोचतो. तो हाताळणाऱ्या कामगारांची कौशल्यगाथा अजून कोणी नीट लिहिलेली नाही.

१२/
तिसरी पायरी : धातू.
हिरवा क्षार मॅग्नेशियमच्या किंवा कॅल्शियमच्या तुकड्यांसोबत आतून अस्तर लावलेल्या पोलादी पात्रात भरतात आणि पात्र घट्ट बंद करतात. मॅग्नेशियम वापरले असेल तर बाहेरून तापवत नेल्यावर एका क्षणी आतले मिश्रण पेट घेते. फ्लोरीन युरेनियमला सोडून मॅग्नेशियमला जाऊन मिळतो आणि त्या अभिक्रियेच्या उष्णतेनेच सारे वितळते. युरेनियम वितळते ११३२ अंश सेल्सियसला आणि ते पाण्याच्या सुमारे एकोणीस पट जड. ते तळाशी बसते; मळी, जी पाण्याच्या तिप्पटच जड, वर तरंगते. थंड झाल्यावर पात्र उघडले की खाली धातूची लगड.

१३/
हे वाचताना मला गुऱ्हाळ आठवते. कढईत रस उकळत असतो, गुळव्या भेंडीच्या झाडाचा चिकट रस त्यात टाकतो, मळी वर येते आणि तो ती झाऱ्याने काढत राहतो. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो, भाव पडतो. रस कितीही गोड असो, गुळाची प्रत ठरते ती कढईपाशी. हा साधा न्याय आमच्याकडे प्रत्येक ऊसवाल्याला ठाऊक आहे. फरक इतकाच की, गुळव्याला मळी डोळ्यांना दिसते; तुर्भ्याला ती दहा लाखांतल्या एका भागापर्यंत उपकरणांनी शोधावी लागत होती.

१४/
या धातूने माणसाला बराच काळ चकवले. १७८९ मध्ये बर्लिनच्या क्लापरोटने पिचब्लेंड खनिजातून एक काळा पदार्थ वेगळा केला आणि नव्यानेच सापडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याचे नाव ठेवले. त्याला वाटले, धातू मिळाला. प्रत्यक्षात ते ऑक्साइड होते. खरा धातू फ्रान्सच्या पेलिगोने १८४१ मध्ये मिळवला. म्हणजे शोध आणि धातू यांच्यामध्ये ५२ वर्षांचे अंतर! मधली कडी जोडणे तेव्हाही सोपे नव्हते.

१५/
पुढे शंभर वर्षे हा धातू प्रयोगशाळेतील कुतूहल राहिला. १९४२ मध्ये अमेरिकेला तो टनांनी हवा झाला. आयोवा राज्यातील एम्स येथे फ्रँक स्पेडिंग आणि हार्ली विल्हेल्म यांनी टेट्राफ्लोराइडपासून धातू काढण्याची रीत बसवली, आधी कॅल्शियमने, मग स्वस्त मॅग्नेशियमने. २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागोत पहिली अणुसाखळी चालली तेव्हा पुरेसा धातू नव्हता, म्हणून बरेचसे इंधन ऑक्साइडच्याच रूपात भरावे लागले. युद्ध संपेपर्यंत एम्सने नऊशे टनांच्या आसपास धातू तयार केला. मॅनहॅटन प्रकल्पाच्या गोष्टीत ओपेनहायमर सर्वांना ठाऊक. स्पेडिंग किती जणांना?

१६/
येथे एक प्रामाणिक कबुली हवी. तुर्भ्याने ही रीत शून्यातून शोधली नाही. ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली. अध्यक्ष होते होमी भाभा. तोवर गुप्त असलेली पुष्कळ माहिती तेथे खुली झाली. ‘सगळे आम्हीच शोधले’ असे समाजमाध्यमांवर जे फिरते ते खरे नाही. ‘सगळे नकलेचे’ हेही तितकेच उथळ आहे. पाककृती छापील असली म्हणून पुरणपोळी आपोआप होत नाही. हात बसावा लागतो. छापील कागद आणि दहा लाखांत एकची शुद्धता यांमधले अंतर हातानेच कापावे लागते.

१७/
तो हात बसवणाऱ्यांत अग्रभागी होते ब्रह्म प्रकाश. जन्म १९१२, लाहोर. अमेरिकेतील एमआयटीची डॉक्टरेट. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत धातुशास्त्र विभागाचे ते पहिले भारतीय प्रमुख. १९५७ मध्ये ते तुर्भ्याला आले आणि धातुशास्त्राची बाजू त्यांनी उभी केली. पुढे १९७२ पासून तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे ते संचालक झाले. अणू आणि अंतराळ या दोन्ही कहाण्यांना ज्याचा हात लागला, त्या माणसाचे नाव आपल्या किती शालेय पुस्तकांत ठळकपणे येते? पदार्थ घडवणाऱ्यांपेक्षा सिद्धांत मांडणाऱ्यांना मान देण्याची आपली सवय जुनी आहे.

१८/
आणि मग ३० जानेवारी १९५९. तुर्भ्याच्या युरेनियम धातू कारखान्याने युरेनियम दिले. जादूगोड्याची खाण-गिरणी पूर्ण क्षमतेने चालू व्हायला अजून १९६८ उजाडायचे होते. पण धातू हाती आला एवढ्याने काम संपत नाही. तो वितळवून ओतायचा, सळया करायच्या, त्यांवर ॲल्युमिनियमचे आवरण चढवायचे. युरेनियमचा कीस हवेत आपोआप पेट घेऊ शकतो, म्हणून प्रत्येक टप्पा जोखमीचा. १९ फेब्रुवारी १९६० रोजी ‘सायरस’ अणुभट्टीसाठी दहा इंधनकांड्यांची पहिली तुकडी तयार झाली.

१९/
सायरस ही चाळीस मेगावॅट औष्णिक क्षमतेची संशोधन अणुभट्टी. आराखडा आणि मदत कॅनडाची, जड पाणी अमेरिकेचे, जागा तुर्भ्याची. ती १० जुलै १९६० रोजी क्रांतिक झाली, संयुक्त महाराष्ट्राचा मंगल कलश आल्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. या भट्टीतील पहिल्या भरणीचे जवळजवळ अर्धे इंधन भारतात तयार झालेले होते. अप्सरेचे इंधन ब्रिटनहून आले होते. चार वर्षांत अर्धी भरणी घरची! माझ्या दृष्टीने हा या कहाणीचा कळीचा आकडा.

२०/
कळीचा का? कॅनडाशी १९५६ मध्ये झालेल्या करारात सायरसचा वापर शांततेसाठी करण्याचे वचन होते. पुढे जगभर रूढ झालेली आंतरराष्ट्रीय तपासणीची चौकट मात्र नव्हती. इंधन पुरवणाऱ्यावर पूर्णपणे विसंबणारा देश वापरलेल्या इंधनाविषयीच्या त्याच्या अटी मान्य करतो. स्वतःचे इंधन करू शकणारा देश वाटाघाटीत ताठ बसतो. हा माझा निष्कर्ष आहे, कोणाही पुढाऱ्याचे वचन नव्हे. पण नंतरच्या घटना त्याला पुष्टी देतात, असे मला वाटते.

२१/
वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम तयार होते. ते वेगळे काढण्याचा कारखाना होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली तुर्भ्यालाच उभा राहिला. २२ जानेवारी १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी त्याचे उद्घाटन केले. तेथे वापरलेला द्रव कोणता? तोच ट्रायब्युटाइल फॉस्फेट. खनिज शुद्ध करताना तेल-पाण्याचा जो खेळ हाताला बसला, तोच येथे, किरणोत्सर्गाच्या भिंतीआड, पुन्हा खेळला गेला. आणि १८ मे १९७४ रोजी पोखरणला जे प्लुटोनियम वापरले गेले ते सायरसमधून आलेले होते. १९५९ कळल्याशिवाय १९७४ कळत नाही, असे मी सुरुवातीला म्हटले ते यासाठी.

२२/
येथे थांबून एक तारीख पुन्हा पाहावी. ३० जानेवारी. गांधीजींच्या हत्येला त्या दिवशी अकरा वर्षे झाली होती. ही योजना नव्हती, योगायोग होता. योगायोगातून संदेश काढणे इतिहासकाराचे काम नव्हे. तरीही इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे दोन प्रसंग एका पानावर लिहून पाहावेत. शांततेच्या वचनावर आलेली भट्टी, हुतात्मा दिनी निघालेला धातू आणि पंधरा वर्षांनंतरचा वाळवंटातील स्फोट. स्फोटाला सरकारने ‘शांततामय’ म्हटले. कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. शब्दांची शुद्धता कोण तपासतो?

२३/
त्या काळी कोणी वेगळा सूर लावला होता का? होता, आणि तो सूर आपल्या ओळखीच्या माणसाचा. दामोदर धर्मानंद कोसंबी. गोव्यात जन्मलेले, भाभांच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक आणि भारतीय इतिहासलेखनाला नवी दिशा देणारे. जुलै १९६० मध्ये, सायरस क्रांतिक झाल्यावर दोनच आठवड्यांनी, पुण्यात दिलेल्या भाषणात त्यांनी अणुऊर्जेच्या खर्चाविषयी शंका घेतली आणि भारतासाठी सौरऊर्जेचा पुरस्कार केला. १९६२ मध्ये त्यांचा त्या संस्थेशी संबंध संपला. कोसंबींची नाणी, सूक्ष्मपाषाण हत्यारे आपण अभ्यासतो. हे भाषणही अभ्यासले पाहिजे.

२४/
दुसरा सूर जादूगोड्याचा. टनामागे अर्धा किलो युरेनियम म्हणजे उरलेला जवळजवळ सगळा टन गाळ होऊन तलावात साठतो. रेडियमसारखे किरणोत्सर्गी घटक त्याच गाळात राहतात. आसपास हो, संथाळ आदिवासींची गावे. आजारांविषयीच्या त्यांच्या तक्रारी आणि ‘आमच्यामुळे नव्हे’ हे युरेनियम महामंडळाचे उत्तर, हा वाद अनेक दशकांचा आहे. श्रीप्रकाश यांच्या १९९९ च्या माहितीपटाचे नाव ‘बुद्धा वीप्स इन जादूगोडा’. १९७४ च्या स्फोटाला लोक ‘हसरा बुद्ध’ म्हणतात. हसू आणि आसू एकाच पदार्थाच्या दोन टोकांना आहेत.

२५/
काही वाचक म्हणतील : मग बाजू कोणती? अभिमान की अपराधभाव? मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. गुळव्याचे कसब मान्य केले म्हणून ऊसतोड कामगाराचे हाल नाकारावे लागत नाहीत. आमच्या मराठवाड्यातून दरवर्षी कोयता घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबांना हे सांगावे लागत नाही. तुर्भ्याच्या कामगारांचे कौशल्य खरे आहे, कोसंबींचा आक्षेप खरा आहे, जादूगोड्याचा गाळ खरा आहे. इतिहासाने यांतले एकच निवडले तर तो प्रचार होतो. मधली कडी नीट सांगितली की तिन्ही आपोआप एका कथेत येतात, कारण ती कडीच त्यांना जोडते.

२६/
आज या कडीची कथा कोठे आहे? वीजकेंद्रांना धातू नव्हे, ऑक्साइडच्या गोळ्या लागतात. त्या १९७१ मध्ये स्थापन झालेल्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये होतात. धातूचे इंधन १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘ध्रुव’ या संशोधन भट्टीला लागले. सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची बंद झाली. २०१५ मध्ये भारताने युरेनियमचे संपृक्त खनिज घेण्याचा करार केला तो कोणाशी? कॅनडातील कंपनीशी! एकेकाळी रुसलेल्या देशाने कच्चा माल विकला, तो शुद्ध करायचा आपण. वऱ्हाडच्या कापसाची गोष्ट येथे उलटी फिरली आहे.

२७/
पण सर्वत्र नाही. दुर्मिळ मृदा धातू, लिथियम यांच्या शुद्धीकरणात आज चीन कितीतरी पुढे आहे आणि जग त्याच्या दाराशी उभे आहे. आपल्या किनाऱ्यावर तीच मोनाझाइटची वाळू अजूनही पडून आहे. १९५५ ते १९५९ या काळात तुर्भ्याला जे घडले ते या क्षेत्रातही व्हावे असे वाटत असेल, तर दोन गोष्टी एकत्र मागितल्या पाहिजेत : दहा लाखांत एकची शुद्धता आणि गाळ कोठे जाणार याचे तितकेच काटेकोर उत्तर. दुसरी मागणी पहिलीइतकीच तांत्रिक आहे. तिला भावनिक म्हणून बाजूला सारणे ही लबाडी आहे.

२८/
शेवटी एक विनंती. तुमच्या गावाजवळ गुऱ्हाळ, डाळ मिल, जिनिंग, साखर कारखाना, काहीतरी असेलच. तेथे काम केलेल्या एखाद्या आजोबांना किंवा मावशींना विचारा : मालाची प्रत कशी ओळखायचात? मळी कोठे टाकायचात? उत्तरे टिपून ठेवा. राजे आणि लढाया यांच्या नोंदी शेकड्यांनी आहेत. मधल्या कडीच्या नोंदी फार थोड्या. तुर्भ्याच्या त्या पहिल्या लगडीभोवती उभ्या असलेल्या बहुतेकांची नावे आज आपल्याला माहीत नाहीत. तुमच्या गावातल्यांची तरी माहीत राहोत.

धागा समाप्त. मतभेद असल्यास खाली अवश्य लिहा. तारखेत चूक आढळली तर आधी सांगा. 🙏